भिंतीत दडलेला धूर



प्रदूषणाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर प्रथम धूर येतो. कारखान्याचे धुराडे, महामार्गावरील मालमोटारींची रांग, औष्णिक वीजकेंद्राची उंच चिमणी. राहते घर किंवा कार्यालयाची इमारत या यादीत सहसा कुणाला आठवत नाही. इमारत जागची हलत नाही, आवाज करीत नाही, तिच्या माथ्यावरून काळे लोट उठताना दिसत नाहीत. तरीही ऊर्जेचा वापर आणि औद्योगिक प्रक्रिया यांतून जगभर जो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो, त्यातील सुमारे एक तृतीयांश वाटा इमारती उभारणे आणि त्या चालविणे या दोन कामांचा आहे.

इमारतीचा धूर दोन ठिकाणी निघतो. दिवे, पंखे, वातानुकूलन, उद्वाहने, पाण्याचे पंप यांना लागणाऱ्या विजेपोटी तो दूरच्या वीजकेंद्रात निघतो. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी जळणाऱ्या वायूपोटी तो घरातच निघतो. हा झाला चालविण्याचा धूर. दुसरा धूर इमारत उभी राहण्यापूर्वीच निघून गेलेला असतो. सिमेंटची भट्टी, पोलादाचा कारखाना, वीटभट्टी, काचेचा कारखाना येथे तो निघतो आणि वास्तुशांतीच्या दिवशी त्याची कुणाला आठवणही नसते. हा भिंतीत दडलेला धूर होय. या दोन्ही धुरांचा हिशोब मांडण्याचा आणि तो कमी करण्याचा प्रयत्न एका अभियांत्रिकी संस्थेने गेली तीन दशके केला आहे. तिला कोठे यश आले, कोठे ठेच लागली आणि त्यातून भारतीय समाजाने काय घ्यावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या संस्थेचे नाव अरुप. तिचे संस्थापक ओव्ह अरुप यांचा जन्म १८९५ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे एका डॅनिश पशुवैद्याच्या घरी झाला. कोपनहेगनमध्ये त्यांनी आधी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि मग ते स्थापत्य अभियांत्रिकीकडे वळले. १९४६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. सिडनीच्या ऑपेरा हाऊसची शिडांसारखी छते प्रत्यक्षात उभी करण्याचे अवघड काम याच संस्थेने केले. ओव्ह अरुप यांच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाचा ठसा संस्थेवर कायम राहिला. जुलै १९७० मध्ये विंचेस्टर येथे सहकाऱ्यांसमोर त्यांनी एक भाषण केले. काम उत्तम असावे, ते समाजाच्या उपयोगी पडावे, सहकाऱ्यांशी व्यवहार माणुसकीचा असावा आणि नफा हे या सर्वांचे साधन असावे, असा त्याचा आशय होता. संस्थेत ते भाषण आजही मार्गदर्शक मानले जाते. संस्थेची मालकी कर्मचाऱ्यांच्या वतीने विश्वस्त निधीकडे आहे. शेअर बाजारातील भागधारक तिला नाहीत. दर तिमाहीला नफ्याचा आकडा दाखविण्याची सक्ती नसल्यामुळे दूरवरचा विचार करण्याची मोकळीक तिला मिळाली. अशी मोकळीक मिळालेल्या संस्था थोड्या असतात. तिचा उपयोग करणाऱ्या त्याहून थोड्या.

आरंभी सारे लक्ष चालविण्याच्या धुरावर होते. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आफ्रिकेतील झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे आहे. १९९६ मध्ये तेथे ईस्टगेट सेंटर हे कार्यालये व दुकानांचे संकुल उभे राहिले. वास्तुविशारद होते मिक पिअर्स आणि अभियंते होते अरुपचे. परदेशातून आणावी लागणारी आणि चालविण्यास महागडी अशी वातानुकूलन यंत्रणा टाळायची होती. पिअर्स यांना उपाय सुचला तो वारुळावरून. बाहेर ऊन तळपत असताना आत समशीतोष्ण हवा राखणाऱ्या वाळवीच्या वारुळांनी त्यांचे लक्ष वेधून घेतले होते. त्यांनी इमारतीत पोकळ जमिनी आणि छपरावर ४८ धुराडी योजली. रात्री पंख्यांच्या साह्याने बाहेरची गार हवा त्या पोकळ्यांतून खेळविली जाते. काँक्रीट आणि विटांचे जड अंग गारवा साठवून ठेवते आणि दिवसा तो खोल्यांना परत देते. तापलेली हवा वर चढून धुराड्यांतून निघून जाते. पुढे वारुळांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की, वारुळातील हवेचे अभिसरण पिअर्स यांनी मानले होते नेमके तसे नसते. उपमा थोडी चुकली, इमारत मात्र गार राहिली. अर्थात त्यामागे हरारेचे हवामान आहे. सुमारे १५०० मीटर उंचीवरील त्या शहरात रात्री गार असतात. हीच रचना दमट मुंबईत जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर असते अशा दख्खनच्या पठारावर मात्र तिचे तत्त्व ओळखीचे वाटेल. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक त्याच तत्त्वावर उभे होते.

दुसरे उदाहरण भारतातीलच आहे आणि ते अनेकांनी चित्रपटाच्या पडद्यावर पाहिलेही असेल. लडाखमध्ये लेहजवळ शे नावाचे गाव आहे. तेथील द्रुक पद्म कार्पो शाळा २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली. तिची रचना अरुपच्या वास्तुविशारदांनी आणि अभियंत्यांनी केली असून पहिल्या इमारती २००१ मध्ये वापरात आल्या. लडाखच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली उतरतो, पण ऊन मात्र लख्ख असते. म्हणून वर्गखोल्यांची तोंडे सकाळचे पहिले ऊन आत येईल अशी आग्नेयेकडे वळविली आहेत. वसतिगृहाच्या दक्षिण बाजूस काचेच्या आड गडद, जाड भिंत आहे. ती दिवसभर ऊब साठवते आणि रात्री झोपलेल्या मुलांना ती देते. बाहेरच्या भिंतींना तेथलाच ग्रॅनाइट दगड, आत मातीच्या विटा, छताला लडाखमधीलच सफेदा आणि विलो वृक्षांचे लाकूड व त्यावर माती असे साहित्य वापरले आहे. भूकंपाचा धोका लक्षात घेऊन छताचा भार लाकडी सांगाड्यावर घेतला आहे. शौचालये पाण्याविना चालतात. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटी झाली तेव्हा शाळेच्या आवारात चिखल-दगडांचा लोंढा शिरला. नुकसान झाले, पण शाळा पुन्हा उभी राहिली. लंडनचे अभियंते येथे स्थानिक गवंड्याचे कसब आणि स्थानिक माती घेऊन शास्त्राची जोड देऊ शकले, हे या कामाचे मर्म आहे.

तिसरे उदाहरण यशाबरोबर अपयशाचेही आहे. दक्षिण लंडनमध्ये बेडिंग्टन येथे २००२ मध्ये सुमारे शंभर घरांची एक वसाहत पूर्ण झाली. बेडझेड या नावाने ती ओळखली जाते. वास्तुविशारद बिल डन्स्टर यांच्यासह अरुपचे अभियंते तिच्या रचनेत होते. भिंतींत सुमारे ३०० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर घातला. सांगाड्याचे बहुतेक पोलाद जुन्या बांधकामांतून, त्यात ब्रायटन रेल्वे स्थानकातूनही, मिळवून पुन्हा वापरले. वसाहतीसाठी लाकडाच्या भुशावर आणि तुकड्यांवर चालणारे छोटे वीज-उष्णता केंद्र उभारले होते. ते केंद्र नीट चालले नाही. वारंवार बंद पडू लागले आणि काही वर्षांत ते सोडून द्यावे लागले. त्याच्या जागी वायूवर चालणारी तापके आली. परंतु जाड भिंती आणि दक्षिणाभिमुख खिडक्या यांनी आपले काम चोख बजावले. तेथील घरांची उष्णतेची गरज सामान्य ब्रिटिश घरांच्या तुलनेत फारच कमी राहिली. धडा सरळ आहे. यंत्र बंद पडते, त्याला सुटे भाग लागतात, त्याचा जाणकार शोधावा लागतो. इमारतीची दिशा, तिची सावली आणि भिंतीची जाडी यांना रोज कुणी चालू करावे लागत नाही.

येथपर्यंत सारा विचार चालविण्याच्या धुराचा झाला. दडलेल्या धुराकडे लक्ष जाण्यास मात्र बराच वेळ लागला. त्याचे कारण समजण्यासाठी सिमेंटच्या भट्टीत डोकावले पाहिजे. शंभर किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर हाती ५६ किलो चुना येतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू इंधनाचा नसतो. तो दगडातच बांधलेला असतो. उद्या ती भट्टी संपूर्ण सूर्यशक्तीवर चालविली तरी हे ४४ किलो सुटणारच. त्यात भट्टी १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यासाठी जळणाऱ्या कोळशाचा धूर मिळवायचा. म्हणूनच जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के भरतो. पोलादाचीही हीच कथा आहे. खनिजातून लोह वेगळे करताना कोळसा केवळ उष्णता देत नाही, तो रासायनिक क्रियेतच भाग घेतो.

या दोन धुरांत काळाचा एक मोठा फरक आहे. चालविण्याचा धूर वर्षानुवर्षे थोडा थोडा निघतो आणि तो पुढे सुधारता येतो. दिवे बदलता येतात, छपरावर सौरपत्रे बसविता येतात, देशाची वीज अधिक स्वच्छ झाली की प्रत्येक इमारत आपोआप अधिक स्वच्छ होते. दडलेला धूर मात्र पहिल्याच दिवशी पूर्णपणे निघून गेलेला असतो. ओतलेल्या काँक्रीटचा धूर कोणत्याही सुधारणेने परत आणता येत नाही. त्याविषयी निर्णय घेण्याची संधी एकदाच मिळते, आणि ती आराखड्याच्या कागदावर असते.

२०२१ च्या उन्हाळ्यात अरुपने शाश्वत विकासासाठी काम करणाऱ्या जागतिक उद्योग परिषदेसह सहा प्रत्यक्ष इमारतींचा संपूर्ण आयुष्याचा कार्बन हिशोब प्रसिद्ध केला. पाया खणण्यापासून पाडकामापर्यंत निघणाऱ्या एकूण उत्सर्जनापैकी जवळपास निम्मे साहित्य आणि बांधकाम यांतून येऊ शकते, असे त्यातून दिसले. काँक्रीट, पोलाद यांसारख्या मोजक्याच साहित्यांवर या भाराचा बहुतांश बोजा होता. असा संपूर्ण हिशोब जगातील एक टक्काही प्रकल्पांत मांडला जात नाही, हेही त्याच सुमारास पुढे आले. खर्चाचा अंदाजपत्रकाशिवाय कुणी एक वीटही रचत नाही. कार्बनच्या बाबतीत मात्र सारे जग अंदाजपत्रकाशिवाय बांधत होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, ग्लासगो येथे हवामान परिषद भरली असताना, अरुपने एक निर्णय जाहीर केला. १ एप्रिल २०२२ पासून संस्था आपल्या प्रत्येक इमारत प्रकल्पाचा, नवा असो वा जुन्याचे नूतनीकरण असो, संपूर्ण आयुष्याचा कार्बन हिशोब मांडणार होती. खनिज तेल व वायू काढणे, शुद्ध करणे आणि वाहून नेणे यांची ऊर्जा क्षेत्रातील नवी कामे न स्वीकारण्याचेही त्याच वेळी ठरले. त्यापूर्वी आपल्या स्वतःच्या कारभारातील उत्सर्जन २०३० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट संस्थेने जाहीर केले होतेच. पण अभियांत्रिकी संस्थेच्या कार्यालयांतील दिवे आणि अधिकाऱ्यांचे विमानप्रवास यांचा धूर तिने आखलेल्या इमारतींच्या धुरापुढे अगदी किरकोळ असतो. म्हणून २०२२ चा निर्णय अधिक मोलाचा. मालकाने मागितला तरच हिशोब द्यायचा, ही प्रथा त्याने मोडली.

हिशोबाची रीत अवघड नाही. किती घनमीटर काँक्रीट, किती टन पोलाद, किती काच हे मोजायचे. प्रत्येकाला त्याच्या उत्पादनातील उत्सर्जनाने गुणायचे. त्यात वाहतूक, बांधकाम, पुढील साठ वर्षांतील वीज, दुरुस्ती आणि शेवटचे पाडकाम मिळवायचे. हा हिशोब समोर आला की आराखड्यातील साध्या गोष्टी बोलू लागतात. खांबांमधील अंतर थोडे कमी केले तर तुळया व लाद्या पातळ होतात. वाहनतळाचा एक भूमिगत मजला कमी केला तर जाड संरक्षक भिंतींचे मोठे काँक्रीट वाचते. कधीही न येणाऱ्या भारासाठी घातलेले जादा पोलाद उघडे पडते. आणि मग सर्वांत मोठा प्रश्न उभा राहतो: ही इमारत नव्याने बांधायलाच हवी का?

त्या प्रश्नाचे उत्तर लंडनमधील वन ट्रायटन स्क्वेअर या कार्यालयीन इमारतीत मिळते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अरुपनेच ती आखली होती. वीस वर्षांनी मालक कंपनीला तेथे बरीच अधिक जागा हवी होती. पाडून नवी बांधणे ही रूढ वाट होती. तसे न करता जुना सांगाडा व पाया राखला, काही खांब बळकट केले आणि वर तीन मजले चढविले. दर्शनी भागाची ॲल्युमिनियमची तावदाने उतरवून लंडनबाहेर उभारलेल्या तात्पुरत्या कार्यशाळेत नेली, स्वच्छ व दुरुस्त केली आणि पुन्हा त्याच इमारतीवर बसविली. २०२१ मध्ये काम पूर्ण झाले. हजारो टन काँक्रीट आणि पोलाद नव्याने तयार करावे लागले नाही. जुने कपडे उसवून, उलटून, पुन्हा शिवणाऱ्या घरातील आजीला यात नवल वाटणार नाही. बांधकाम व्यवसायाला मात्र हे नवे होते.

या कथेचा शेवट तितका सुखद नाही. संपूर्ण इमारत एका बड्या अमेरिकी कंपनीने भाड्याने घेतली होती. करोनानंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली, कंपनीची गरज बदलली आणि तेथे राहायला न जाताच २०२३ मध्ये तिने १४.९ कोटी पौंड देऊन करारातून सुटका करून घेतली. एवढ्या काळजीने वाचविलेली इमारत रिकामी राहिली आणि मालकाला तेथे प्रयोगशाळांसारख्या दुसऱ्या वापराचा विचार करावा लागला. सांगाडा राखला होता म्हणून हा बदल शक्य झाला, हे खरे. परंतु अभियंता तुळईचा हिशोब मांडू शकतो, समाजाच्या गरजेचा नाही. न वापरलेल्या जागेत गुंतलेला प्रत्येक किलो कार्बन वायाच गेलेला असतो.

आणखीही मर्यादा स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. हिशोब मांडणे म्हणजे उत्सर्जन घटविणे नव्हे. वजनकाट्यावर उभे राहिल्याने वजन उतरत नाही. अंतिम निर्णय मालकाचा असतो आणि अहवाल बाजूला ठेवून काचेचा मनोरा बांधणारे मालक जगभर आहेत. शिवाय बांधकाम हीच ज्या संस्थेची उपजीविका, तिने ‘बांधू नका’ असा सल्ला देणे म्हणजे वैद्याने औषधाची गरज नाही असे सांगण्यासारखे आहे. असा सल्ला देणारा वैद्य विश्वासाला पात्र ठरतो, पण त्याची परीक्षा प्रत्येक रुग्णागणिक नव्याने होते. अरुपचे मूल्यमापनही तिच्या घोषणांवरून न होता, पुढील काळात तिने आखलेल्या इमारतींच्या आकड्यांवरूनच झाले पाहिजे.

आता भारताचा विचार. ग्लासगोच्या त्याच परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. कायद्याची पायवाट त्याआधीच पडली होती. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता २०१८ मध्ये आली आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही या चौकटीत आणण्याची तरतूद केली. हे सारे आवश्यकच आहे. मात्र या नियमांचा मुख्य भर चालविण्याच्या धुरावर आहे. ज्या देशाला अजून कोट्यवधी घरे, शाळा आणि रुग्णालये बांधायची आहेत, त्याच्यापुढचा मोठा प्रश्न दडलेल्या धुराचा आहे. युरोपातील श्रीमंत देशांची घरे बहुतांशी बांधून झाली आहेत; तेथे ‘बांधू नका’ हा सल्ला परवडतो. येथे पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला तो सल्ला देण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्याला पक्के घर मिळालेच पाहिजे. ते घर किती धुरात उभे राहील, एवढेच ठरविणे हाती आहे.

या बाबतीत भारतीय संशोधकांनी मोलाची वाट दाखविली आहे. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून तयार होणारे एलसी-थ्री नावाचे सिमेंट दिल्ली व मद्रास येथील आयआयटींनी स्वित्झर्लंडच्या संशोधकांसह विकसित केले. त्यात भट्टीतील क्लिंकरचे प्रमाण निम्म्यावर येते आणि उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटते. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठी स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले. लागणारी चिकणमाती देशात मुबलक आहे. उरते ते मागणी निर्माण करणे. निविदेत त्याचा उल्लेख झाला तरच ठेकेदार ते आणील.

महाराष्ट्रातील शहरांपुढे हा विषय पुनर्विकासाच्या रूपाने उभा आहे. मुंबई-पुण्यात तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पाडून त्यांच्या जागी मनोरे उठत आहेत. धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे. तेथे माणसाच्या जिवापुढे दुसरा हिशोब नाही. पण प्रत्येक जुनी इमारत धोकादायक असतेच असे नाही. संरचना तपासणीचा अहवाल हाती आल्यावर सोसायटीच्या सभेत वाढीव चौरस फुटांइतकीच चर्चा काही साध्या प्रश्नांचीही झाली पाहिजे. सांगाडा बळकट करून काम भागेल का? भूमिगत वाहनतळाचे इतके मजले खरोखर लागतील का? पश्चिमेच्या उन्हापुढे काचेची भिंत कशासाठी? खिडकीवर छज्जा का नाही? पाडकामातील पोलाद, विटा, दरवाजे कुठे जाणार? हे प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. ते विचारले गेले की अभियंत्याला उत्तरे शोधावीच लागतात.

हरारेची धुराडी, शे गावची मातीची वीट, बेडिंग्टनची जाड भिंत आणि लंडनमधील उतरवून पुन्हा चढविलेली तावदाने यांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. इमारतीचे पुढील साठ वर्षांचे वर्तन तिच्या पहिल्या रेषेत ठरते. तो कागद टेबलावर असताना, खोदाई सुरू होण्यापूर्वी, एका बाजूला रुपयांचा आणि दुसऱ्या बाजूला धुराचा असे दोन्ही जमाखर्च मांडण्याची सवय समाजाला लागली, तर जी घरे या पिढीने बांधायची आहेत त्यांचे ऋण पुढच्या पिढीच्या डोक्यावर कमी बसेल.